अक्षराची फोड आणि अर्थाची मोड

व्याख्यानमाला घ्या, बक्षीससमारंभ घ्या, पतपेढीची वार्षिक सभा घ्या. एखादा तरी वक्ता असा निघतोच, की जो घसा साफ करून म्हणतो, "मित्रहो, चिनी भाषेत संकट हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्या अक्षराचा अर्थ धोका आणि दुसऱ्याचा अर्थ संधी!" मग तो क्षणभर थांबतो, श्रोते माना डोलावतात, पहिल्या रांगेतले अध्यक्ष डोळे मिटून "वा!" म्हणतात, आणि हजारो मैलांवरच्या एका भाषेचा कार्यक्रम तिथल्या तिथे आटोपतो. हा वक्ता जन्मात चिनी शिकलेला नसतो. शिकलेल्या माणसाला त्याने कधी विचारलेलेही नसते. तरी चिनी शहाणपणाचा हा लाडू तो वर्षानुवर्षे वाटत असतो, आणि आपण तो वर्षानुवर्षे खात असतो.

या लाडवात पीठच नाही, हे मला आज सांगायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत असे बोलू नये, हे मला कळते. पण फराळाच्या ताटात काय वाढले जाते, हे पाहण्याचा हक्क सणालाच अधिक असतो.

ही कथा आपल्याकडे चीनमधून आलेली नाही, अमेरिकेतून आलेली आहे. १९३८ साली चीनमधल्या मिशनऱ्यांच्या एका इंग्रजी मासिकात ती आढळते. पुढे जॉन केनेडी यांनी एप्रिल १९५९ मध्ये इंडियानापोलिसच्या भाषणात ती सांगितली, आणि ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तिला पंख फुटले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चिनी भाषेचे पंडित व्हिक्टर मेअर यांनी तिचे सविस्तर खंडन केले, पण खंडनाला टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या लाडवालाच.

आता शब्द पाहू. संकटाला चिनीत 'वेइ-जी' म्हणतात. 'वेइ' म्हणजे धोका, हे खरे. पण 'जी' म्हणजे संधी नव्हे. या अक्षराचा जुना अर्थ यंत्राचा खटका. जो दाबला की बाण सुटतो, तो. त्यावरून यंत्र, त्यावरून ज्या क्षणी गोष्ट इकडची तिकडे होते तो नाजूक क्षण, असे त्याचे अर्थ पसरत गेले. म्हणून 'वेइ-जी' म्हणजे धोक्याचा निर्णायक क्षण. आपण ज्याला 'आणीबाणी' म्हणतो ते. संधीला चिनीत 'जी-हुइ' म्हणतात. त्यात 'जी' आहे हे खरे, पण हा अर्थ दोन अक्षरे जोडल्यावर उभा राहतो. त्यातले एक उपटून दुसऱ्या शब्दात नेऊन लावता येत नाही.

आणि लावायचेच असेल तर सगळीकडे लावा की! विमान म्हणजे 'फेइ-जी'. ती काय उडती संधी? विमानतळ म्हणजे 'जी-छांग'. तो संधीचा माळ? खिशातला मोबाइल म्हणजे 'शोउ-जी', हातातले यंत्र. आमचा वक्ता त्याला हातातली संधी म्हणणार काय? याच कुटुंबात 'थोउ-जी' नावाचा एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे सट्टेबाजी. हा भाऊ मात्र व्यासपीठावर कधी दिसत नाही. लग्नाच्या फोटोत नको असलेला नातेवाईक कडेला ढकलावा, तसा तो ढकलला जातो.

कोणी म्हणेल, एवढे रागावण्यासारखे त्यात काय आहे? चार माणसांना धीर आला तर बिघडले कोठे? बिघडते ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली त्यात सापडल्या. पुष्कळांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. लालबाग-परळच्या त्या घरांत जाऊन 'संकट म्हणजेच संधी' असे सांगायची कोणाची छाती झाली असती? संधी झाली, पण ती कोणाला, हे गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे मान वर करून पाहावे. २०२० ची महामारी आली तेव्हा हे वचन पुन्हा ओठांवर आले. २०२१ साली ज्यांनी औषधाच्या कुप्या काळ्या बाजारात विकल्या, त्यांनाही संकटात संधीच दिसली होती. ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याने स्वतः धीर धरून वाट काढली, तर तो पराक्रम. पण कोरडा उभा असलेल्याने बुडणाऱ्याला अक्षरांची फोड ऐकवणे हा निर्दयपणा आहे, आणि त्याला एका प्राचीन भाषेची खोटी साक्ष काढणे हा दुसरा अपराध आहे.

आपलीच भाषा घेऊन पाहा. समजा, एखादा परदेशी पाहुणा 'हात' एवढाच मराठी शब्द शिकला आणि आपल्या देशात जाऊन व्याख्याने देऊ लागला. "मराठी माणूस फार उदार," तो सांगेल, "पळून जाणारासुद्धा जाताना मागच्याच्या हातावर तुरी ठेवून जातो!" हातखंडा म्हणजे तुटलेला हात, असे तो सांगेल. हात टेकणे हा नमस्काराचा एक प्रकार आहे, असेही सांगेल. तेथील श्रोते माना डोलावतील आणि तेथील अध्यक्ष डोळे मिटतील. आपल्याला हसू येईल. मग चिनी माणसाला आपले हसू येत नसेल काय?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे. शब्दाचे अवयव जोडून निघतो तो योग, आणि लोकांच्या वापराने ठरते ती रूढी. आणि या दोघींत रूढी बलवान. पंकात जन्मणारे ते पंकज खरे, पण चिखलात बेडूकही जन्मतो. त्याला पंकज म्हणून कोणी देवाला वाहत नाही. कुश नावाचे गवत नीट तोडणारा तो कुशल, पण कुशल वैद्याच्या हातात आपण विळा शोधत नाही. दिवाळी आणि दिवाळे या दोन्ही शब्दांच्या तोंडी एकच दिवा आहे. म्हणून दुकानदाराला दिवाळीच्या शुभेच्छा देताना आपली जीभ अडखळते काय? ज्या समाजाने हा विचार इतक्या बारकाईने केला, त्या समाजातले शिकलेले लोक चिनी अक्षरापुढे उभे राहिले की एकाएकी भोळे का होतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

चिनी अक्षरांत काही गंमत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. उलट खरी गंमत या लाडूवाल्यांनी आपल्यापासून लपवली, हीच माझी तक्रार आहे. त्यासाठी एकच अक्षर घेऊ. त्याचा उच्चार 'वन्'. आपल्या वनाशी, झाडाझुडपांशी, त्याचा संबंध नाही. चार रेघांचे हे अक्षर आहे: वर एक ठिपका, त्याखाली आडवी रेघ, आणि तिच्याखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरक्या रेघा. त्याच्या अतिप्राचीन रूपात छातीवर नक्षी काढलेला माणूस दिसतो, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन नावाच्या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यात त्याने 'वन्'चा अर्थ एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असा दिला. म्हणजे मुळात नक्षी. नक्षीवरून लिपी, लिपीवरून लेखन, लेखनावरून वाङ्मय, आणि त्यावरून सभ्यता, असा त्याचा प्रवास झाला.

आता या अक्षराचा गोतावळा पाहा. आकाशावरची नक्षी म्हणजे 'थ्येन-वन्', खगोलशास्त्र. ज्याला अक्षर दिसत नाही तो 'वन्-मांग', अक्षरांध. आपण त्याला अक्षरशत्रू म्हणतो, आणि माझ्या मते याबाबतीत चिनी शब्द अधिक माणुसकीचा आहे. पदवीचा कागद 'वन्-फिंग'. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याची सहाण ही लेखकाच्या खोलीतली चार रत्ने. त्या म्हणीच्या आरंभीही हाच 'वन्'. भाषेच्या नावाला तो शेपटीसारखा जोडला जातो. आपली मराठीही तिकडे गेली की तिच्या मागे 'वन्' लागतो. येथवर सगळे सरळ आहे आणि वक्ता खुशीत आहे. पण आता स्वयंपाकघरात चला. मंद आचेला चिनीत 'वन्-हुओ' म्हणतात आणि भडक आचेला 'वू-हुओ'. म्हणजे एक विस्तव पंडिताचा आणि दुसरा शिपायाचा. आपण ज्या आचेवर अनारसे तळतो ती पंडिताची. हे ज्याला कोणी सांगितले नाही, त्याने 'वन्-हुओ' या दोन अक्षरांची कितीही फोड केली तरी त्याला वाङ्मयाचा अग्नी किंवा ग्रंथांची होळी सापडेल. मंद आच काही सापडणार नाही.

जुन्या काळी तांब्याच्या नाण्यावर अक्षरे असत, म्हणून नाण्यालाही 'वन्' म्हणू लागले. आजही टाकाऊ वस्तूला एका 'वन्'च्याही किमतीची नाही, म्हणजे कवडीमोल, असे म्हणतात. आणि कफल्लक माणसाच्या अंगावर 'वन्'चा तुकडाही नाही, असे म्हणतात. तेथे कोणी वाङ्मय शोधू लागला तर त्याला एवढेच कळेल की लेखक दरिद्री असतात. ते सत्य असले तरी त्या म्हणीचा अर्थ नव्हे.

सर्वांत मोठी फजिती डासापाशी होते. डासाचे चिनी अक्षर दोन भागांचे आहे: डावीकडे कीटक आणि उजवीकडे आपला हाच 'वन्'. कीटकांतला साहित्यिक! कानाशी गुणगुणतो आणि रक्त पितो! मला कबूल आहे, हे ऐकून संपादकमंडळींना आनंद होईल. पण खरे कारण साधे आहे. डासालाही चिनीत 'वन्'च म्हणतात, आणि उजवा भाग फक्त उच्चार सांगण्यासाठी आहे. चिनी अक्षरांपैकी फार मोठा भाग असाच बनलेला आहे: एक बाजू अर्थाची दिशा दाखवते, दुसरी उच्चार सुचवते. ती चित्रे नाहीत आणि सुविचार तर नाहीतच. पुढची गंमत अशी की १९५६ साली चीन सरकारने अक्षरे सोपी केली, तेव्हा 'हा' या अर्थाच्या नित्याच्या शब्दात आणि ल्यू या आडनावात हाच 'वन्' येऊन बसला. केवळ पूर्वीच्या किचकट भागापेक्षा हा लिहायला सुटसुटीत म्हणून. तेथे अर्थ नाही आणि उच्चारही नाही. देशातल्या असंख्य ल्यू मंडळींच्या आडनावात वाङ्मय शोधणाऱ्याने आता काय करावे?

अक्षर पाहून मनाने अर्थ ठोकून देणाऱ्या माणसासाठी चिनीत चार अक्षरी म्हण आहे, 'वांग-वन्-शंग-यी'. 'वन्'कडे पाहायचे आणि अर्थ प्रसवायचा. म्हणजे आमचा वक्ता ज्या भाषेची साक्ष काढतो, त्याच भाषेने त्याच्यासाठी आधीच शब्द घडवून ठेवला आहे! दुसऱ्या टोकाचा दोषही तिने सोडला नाही. शब्द चावत, अक्षरे चघळत बसणाऱ्या घोकंपंडिताला 'याओ-वन्-ज्याओ-झ' म्हणतात. चिनी माणसांची विनोदबुद्धी अशी, की १९९५ साली शांघायहून एक मासिक निघाले, लोकांच्या भाषेतल्या चुका पकडणे हे त्याचे काम, आणि त्याने नाव घेतले ते हेच. स्वतःच्या चुकांवर नक्षी काढून त्या झाकणे यालाही 'वन्'चीच म्हण आहे. आणि तिसऱ्या शतकातला वेइ राज्याचा राजा त्साओ फी याने लिहून ठेवले, की साहित्यिक एकमेकांना तुच्छ लेखतात आणि हे पूर्वापार चालत आले आहे. त्याचीही चार अक्षरी म्हण झाली, आणि तिचे पहिले अक्षर 'वन्'. ती मराठीत भाषांतरित करण्याची गरज नाही. दिवाळी अंक चाळणाऱ्यास ती मुळातच समजते.

माझ्याशी वाद घालणारा येथे मला अडवील. तो म्हणेल, "पण नक्षी, लिपी, वाङ्मय, सभ्यता ही साखळी तर तुम्हीच दाखवलीत. मग अक्षरात विचार असतो, हेच सिद्ध झाले की!" नाही, एवढेच सिद्ध झाले की अर्थांना नातेवाईक असतात. घरी गेल्यावर कळते की मुलाचे नाक आजोबांसारखे आहे. पण आजोबांच्या नाकावरून मुलाचा स्वभाव आधीच सांगणारा तो ज्योतिषीच म्हणायचा. शब्द आधी शिकावा लागतो, मग त्याचे नाते दिसते. आमचे वक्ते शब्द शिकतच नाहीत आणि नाते सांगत सुटतात.

याचा ढळढळीत पुरावा 'संस्कृती' या आपल्या शब्दातच आहे. चिनीत तिला 'वन्-हुआ' म्हणतात. शब्द जुना आहे. माणसांना शस्त्राने नव्हे, तर सभ्यतेने वळवणे, असा त्याचा मूळ रोख. पण आजचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात जपानने दिला; चिनी अक्षरेच वापरून जपानी विद्वानांनी पाश्चात्त्य कल्पनांना नावे ठेवली आणि ती नावे समुद्र ओलांडून चीनला परत आली. आपल्याकडे काय झाले? बंगाली भाषेत या कल्पनेला 'कृष्टी' म्हणत. ती इंग्रजी शब्दाप्रमाणेच नांगरटीतून निघालेली, म्हणजे फोड करून पाहिली तर हुबेहूब. सुनीतिकुमार चटर्जींनी १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या तोंडून 'संस्कृती' हा शब्द ऐकला; तो त्यांना आवडला, आणि रवींद्रनाथांनीही त्याला पसंती दिली. हुबेहूब फोडीची कृष्टी मागे पडली, आणि लोकांच्या जिभेने जो स्वीकारला तो शब्द राहिला. योग हरला, रूढी जिंकली.

आणि अक्षरात जर गुण असता, तर 'वन्-हुआ' या शब्दाने कोणाचे तरी रक्षण केले असते. १९६६ ते १९७६ या दहा वर्षांत चीनमध्ये जे घडले त्याच्या नावात हाच शब्द होता: सांस्कृतिक क्रांती. त्या शब्दाच्या छायेखाली शिक्षकांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या गेल्या आणि ग्रंथ जाळले गेले. रिक्षावाल्याच्या आयुष्यावर अमर कादंबरी लिहिणारे लाओ श यांना ऑगस्ट १९६६ मध्ये पेकिंगला जमावाने मारहाण केली, आणि त्यानंतर ते एका तळ्यात मृत आढळले. नक्षी, वाङ्मय, सभ्यता ही सगळी साखळी त्या अक्षरात होती. शब्दाचा अर्थ माणसे आपल्या वागण्याने भरतात. ती वाईट वागली तर उत्तमातले उत्तम अक्षर पोकळ राहते.

भाषा कशी शिकावी, याचा धडा आपल्याच घरात आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावे घेतली, आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर होते. आरंभीचे अक्षर मात्र मूळ आडनावाच्या उच्चारासाठी. कोटणीस झाले को-दी-हुआ. या नावातले कोणते अक्षर ध्वनीसाठी आणि कोणते जिव्हाळ्यासाठी, हे नुसते पाहून कोणाला सांगता येईल? ते सांगायला माणूस ठाऊक असावा लागतो. कोटणीस चिनी शिकले ते जखमी सैनिकांच्या खाटेशी, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांनी चिनी माणसांना गूढ ऋषी मानले नाही आणि खलपुरुषही मानले नाही. आपण मात्र या दोन टोकांमध्ये झोके घेत असतो. एकशे चाळीस कोटी माणसे त्या भाषेत मासळीचा भाव करतात, मुलांना रागावतात, भाड्यावरून भांडतात आणि रात्री मच्छरदाणी लावतात. ती सुविचार बोलत नाहीत. हे शेजाऱ्याबद्दलचे पहिले ज्ञान, आणि तेच आपल्याला नाही.

म्हणून वक्त्यांना माझी विनंती आहे. चिनी लाडू वाटायचा असेल तर तो खरा वाटा. एक सांगतो, फुकट घ्या. खुंग यू नावाचा एक अधिकारी होता. मेल्यावर त्याला 'वन्' ही पदवी देण्यात आली, तीच आपली 'वन्'. कन्फ्यूशियसच्या एका शिष्याला हे खटकले; या माणसात असे काय होते, म्हणून त्याने गुरूला विचारले. गुरूने जे कारण सांगितले त्याचा आशय असा, की तो तल्लख होता, त्याला शिकण्याची गोडी होती, आणि आपल्याहून खालच्या माणसाला विचारण्याची त्याला लाज वाटत नसे.

'वन्' या अक्षराचा याहून चांगला अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही; आणि तो अक्षर फोडून निघालेला नाही, एका माणसाच्या वागण्यातून निघालेला आहे. आपल्या गावातही कोणी ना कोणी चिनी शिकलेला असेल, कदाचित विशीतली एखादी मुलगी असेल. पुढच्या समारंभाआधी तिला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. चुकीचा लाडू वाटण्यात आहे.